विषय केवढा ते नंतर, आधी आकडा कुणी मोजला ते सांगा

हायस्कूलच्या मुलांच्या रिसर्च प्रोजेक्टची टायटलं हल्ली वाचली की पीएचडीच्या गाइडलाही घाम फुटेल. अमुक प्रोटीनचा तमुक कॅन्सरशी संबंध, डीप लर्निंग वापरून एक्स-रेवरून निदान, नॅनोपार्टिकल्सनी पाणी शुद्ध करणं, आणि हे सगळं पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी शाळा सांभाळून वर्षभरात केलेलं. काही पोरं खरंच अफाट असतात, मान्य. पण पोस्टरसमोर उभं राहून "हा टेबलमधला 0.73 कुठून आला?" असं विचारलं की बऱ्याचदा "सॉफ्टवेअरने दिला" नाहीतर "सरांनी काढून दिला" असं काहीतरी ऐकू येतं, आणि माझं सगळं म्हणणं त्या उत्तराबद्दल आहे.

सरळच सांगतो. स्पर्धेसाठी प्रोजेक्ट करणाऱ्या मुलाने एवढाच प्रश्न हातात घ्यावा ज्यातला प्रत्येक आकडा त्याला स्वतः मोजता येईल, किंवा अगदीच नाही जमलं तर तो आकडा कसा आला हे कागद-पेन घेऊन समोरच्याला पटवून देता येईल. आणि स्पर्धा घेणाऱ्यांनी मार्क याच गोष्टीला द्यावेत. आत्ता काय होतं, तर विषय जितका भारदस्त तितके सगळे भारावतात, पालक, शाळा, पेपरवाले आणि खरं बोलायचं तर जजसुद्धा. मग पोरांनाही कळतं की कॅन्सर म्हटलं की लोक थांबतात आणि बिया रुजण्याचा वेग म्हटलं की पुढे जातात, पोरं काही मूर्ख नसतात, ती जिथे मार्क दिसतात तिकडे जातात.

"छोटा प्रश्न" म्हटलं की लोकांना वाटतं प्राथमिक शाळेतला ज्वालामुखी. तसं नाही हो. एमिली रोझाचं उदाहरण घ्या. थेरप्युटिक टच नावाची एक उपचारपद्धत आहे, त्यात उपचार करणारे म्हणतात की आम्हाला माणसाच्या शरीराभोवतीचं ऊर्जाक्षेत्र हाताला जाणवतं. नऊ वर्षांची ही मुलगी शाळेच्या सायन्स फेअरसाठी काय करते, तर मधे पुठ्ठ्याचा आडोसा उभा करते, त्याला खाली भोकं, त्यातून उपचार करणाऱ्याने दोन्ही हात पुढे ठेवायचे, आणि ही नाणं उडवून त्यातल्या एका हाताच्या वर आपला हात धरते, समोरच्याने फक्त सांगायचं की डाव्यावर आहे का उजव्यावर. बस, एवढाच प्रयोग. 21 जण, 280 प्रयत्न, त्यात 123 बरोबर, म्हणजे 44 टक्के. नुसता अंदाज मारला असता तरी 50 च्या आसपास आले असते. 1998 मध्ये हे जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं. पेपर लिहायला, आकडेवारी बघायला मोठी माणसं होती, तिची आई सहलेखक होती, ते लपवलेलंही नाही. पण प्रश्न, आडोसा, नाणं, उत्तरं लिहून घेणं, यातली एकही गोष्ट अशी नव्हती जी त्या मुलीला समजावता आली नसती. मशीन नाही, लॅब नाही, आणि तरी जो प्रश्न मोठ्यांनी विचारायला हवा होता तो तिने विचारला. यात नाण्याचं महत्त्व बघा, हात कुठे धरायचा हे तिने मनाने ठरवलं असतं तर समोरच्याला तिची सवय ओळखता आली असती. रँडमायझेशन म्हणजे काय (निवड आपण न करता नाण्यावर किंवा चिठ्ठीवर सोडणं) हे शिकवायला मला तरी यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

आता कुणी म्हणेल की स्पर्धांचे नियम तर हेच सांगतात, मग तक्रार कसली. नियम खरंच बरे आहेत. आयसेफ घ्या, म्हणजे 1950 मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेला आंतरराष्ट्रीय मेळा, हायस्कूलच्या प्रोजेक्टांमधली सगळ्यात मोठी स्पर्धा. तिथे सायन्सच्या प्रोजेक्टला 100 पैकी मार्क असे पडतात: प्रश्नाला 10, डिझाइन आणि पद्धतीला 15, प्रत्यक्ष डेटा गोळा करून त्याचं विश्लेषण करायला 20, कल्पकतेला 20, आणि सादरीकरणाला 35, त्यातले 10 पोस्टरचे आणि 25 मुलाखतीचे. पोस्टरवर संस्थेचा लोगो, आभार, आधी मिळालेली बक्षिसं हे काही लावता येत नाही, म्हणजे नामांकित लॅबच्या नावाने जजचे डोळे दिपू नयेत याची काळजी घेतलेली आहे. कागदावर सगळं नीट आहे. पण मला खटकतं ते हे, की डेटाला 20 आणि सादरीकरणाला 35. मुलाखतीत समज तपासतात हे खरं, पण दहा-पंधरा मिनिटांच्या गप्पांमध्ये पाठ केलेली समज आणि स्वतःची समज यातला फरक कळायला जज फार मुरलेला लागतो. सफाईने बोलणारी मुलं पुढे जातात. अडखळत बोलणारा, पण वर्षभर रोज सकाळी उठून थर्मामीटर वाचणारा पोरगा मागे पडतो.

तयारीचं म्हणाल तर पहिली गोष्ट, विषय शोधू नका, काय मोजता येईल ते शोधा. आपल्याकडे काय आहे याची यादी करा आधी. वजनकाटा, स्टॉपवॉच, थर्मामीटर, आणि फोन. फोनला लोक विसरतात, त्यात त्वरण मोजायचा सेन्सर असतो, चुंबकीय क्षेत्राचा असतो, बऱ्याच फोनमध्ये प्रकाशाचा असतो, माइक आहे, स्लो मोशन कॅमेरा आहे, पन्नास वर्षांपूर्वीच्या चांगल्या लॅबलाही हेवा वाटला असता असं सामान खिशात आहे. मग त्यातलं प्रत्येक साधन किती चुकतं ते बघा. म्हणजे एकच गोष्ट वीस वेळा मोजा आणि आकडे किती हलतात ते लिहून काढा. हे काम भयंकर कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही, पण तुमच्या काट्याचं वाचन पाव ग्रॅमने इकडेतिकडे होतंय आणि तुम्ही 0.1 ग्रॅमच्या फरकावर निष्कर्ष काढताय, हे प्रोजेक्ट संपल्यावर कळून काय उपयोग.

बियांचाच प्रोजेक्ट घेऊ, ज्याला सगळे नाकं मुरडतात. मीठ घातलेल्या पाण्याने बिया रुजायला किती उशीर होतो असा प्रश्न. तीन कुंड्यांना साधं पाणी, तीन कुंड्यांना खारं, प्रत्येकीत दहा बिया. मूल पोस्टरवर लिहितं, प्रत्येक गटात सॅम्पल 30. नाही, सॅम्पल 3. कारण मीठ कुंडीला दिलंय, एकेका बीला वेगळं नाही दिलं, आणि एका कुंडीतल्या दहा बियांना तीच माती, तोच ओलावा, तीच जागा मिळालेली आहे, त्यामुळे त्या दहा बिया म्हणजे दहा स्वतंत्र साक्षीदार नाहीत, एकाच घरातून आलेले दहा जण आहेत. ही चूक मोठमोठ्या छापील पेपरांतही सापडते, तेव्हा मुलांना दोष द्यायचा नाही, पण सांगायला तर हवं. मग पुढचं, खाऱ्या कुंड्या सगळ्या खिडकीच्या बाजूला आणि साध्या आतल्या बाजूला, का तर तशा ठेवायला सोप्या. झालं, आता तुम्ही मीठ मोजताय का ऊन मोजताय? चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा. आणि कोंब आलाय का नाही हे ठरवणाऱ्याला कुठली कुंडी खारी ते माहीत नसलं पाहिजे, लेबलवर कागद चिकटवा, कुंड्यांना नंबर दुसऱ्याकडून टाकून घ्या. कारण एक मिलिमीटरचं टोक दिसलं की ते कोंब म्हणायचं का नाही हे आपलं मन आपल्याला सोयीचं ठरवतं, अगदी प्रामाणिक माणसाचंसुद्धा. एवढं सगळं नीट केलेला बियांचा प्रोजेक्ट मला कुठल्याही दिवशी अर्धवट कळलेल्या कॅन्सरच्या प्रोजेक्टपेक्षा वरचा वाटतो.

आकडेशास्त्राबद्दल थोडक्यात. पी-व्हॅल्यू (म्हणजे खरा परिणाम नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसायची शक्यता) 0.05 च्या खाली आली की पोरं नाचायला लागतात. पण वीस वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या आणि खरं तर एकाचाही परिणाम नसला, तरी त्यातली निदान एक नुसत्या योगायोगाने 0.05 च्या खाली यायची शक्यता जवळपास 64 टक्के असते (0.95 चा विसावा घात काढा आणि 1 मधून वजा करा, कॅल्क्युलेटरवर होतं). म्हणून काय तपासणार ते आधी लिहून ठेवायचं, नंतर जे सापडलं तेच शोधत होतो असं म्हणायचं नाही.

आता त्या एआयवाल्या प्रोजेक्टांकडे येतो, कारण सध्या त्यांचाच पूर आहे आणि मला वाटतं सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते, तीही स्वतःची. नेटवरून तयार डेटासेट (फोटोंचा किंवा आकड्यांचा साठा) घ्यायचा, तयार मॉडेल (उदाहरणं दाखवून शिकवायचा प्रोग्रॅम) घ्यायचं, चालवायचं, 97 टक्के अचूकता. टाळ्या. पण डेटासेटमध्ये 95 टक्के लोक निरोगी असतील तर "सगळे निरोगी" एवढंच छापणारा एका ओळीचा प्रोग्रॅमही 95 टक्के अचूक असतो. एकाच पेशंटचे चार फोटो असतील आणि त्यातले तीन शिकवायला, एक परीक्षेला गेला, तर मॉडेलने आजार ओळखला का तो माणूस ओळखला? आणि हे फक्त पोरांचं होतं असं समजू नका. कोविडच्या पहिल्या वर्षात छातीच्या एक्स-रे आणि सीटी स्कॅनवरून निदान करणाऱ्या मॉडेलांचे पेपर धडाधड आले, 2021 मध्ये नेचर मशीन इंटेलिजन्समध्ये त्यांचा आढावा आला, त्यात बारकाईने तपासलेल्या 62 पैकी एकही मॉडेल दवाखान्यात वापरण्यालायक निघालं नाही. एक गंमत म्हणजे काही ठिकाणी कोविड नसलेल्यांचे एक्स-रे म्हणून जे वापरले होते ते एक ते पाच वर्षांच्या लहान मुलांचे होते, आणि कोविडवाले मोठी माणसं. म्हणजे मॉडेलला नुसतं मोठा माणूस आणि लहान मूल एवढं ओळखता आलं तरी त्याचे मार्क चांगले येणार! ज्यांनी हे केलं ते शिकलेसवरलेले रिसर्चर होते, मग सोळा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार की बाबा, आधी ते फोटो एकेक उघडून डोळ्यांनी बघ. निदान शंभर तरी बघ. मी तर म्हणेन एआयचा प्रोजेक्ट करायचा असेल तर डेटा स्वतः गोळा कर, अगदी दोनशे फोटो असले तरी चालतील, अचूकता 70 टक्के आली तरी चालेल, पण चुकलेल्या प्रत्येक फोटोपाशी थांबून का चुकलं ते सांगता आलं पाहिजे.

वहीबद्दल बोलायलाच हवं. प्रोजेक्टची वही म्हणजे शेवटच्या आठवड्यात सुवाच्य अक्षरात, रंगीत पेनांनी लिहून काढलेलं पुस्तक असा एक समज झालाय. खरी वही घाणेरडी असते, खाडाखोडीची, तारखा घातलेली, "आज काही झालं नाही", "काटा पुसायला विसरलो, हे वाचन धरू नये" असली वाक्यं असलेली. वही काय करू शकते त्याचं उदाहरण रॉबर्ट मिलिकनचं आहे. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणारा तेलाच्या थेंबांचा प्रयोग, 1923 चं नोबेल. 1913 च्या पेपरात त्याने लिहिलं की हे 58 थेंब निवडलेले नाहीत, या काळात जे जे मोजले ते सगळे इथे आहेत. पुढे इतिहासकारांनी त्याच्या वह्या उघडल्या तर त्यात त्याहून बरेच जास्त थेंब. त्याने वगळलेले थेंब चाचणीचे होते, बिघडलेले होते, उत्तर त्याने फारसं बदलत नाही, असा त्याच्या बाजूनेही युक्तिवाद आहे आणि त्यात तथ्य आहे. पण वाद घालता येतो तोच मुळी वह्या शिल्लक आहेत म्हणून. याच प्रयोगाची दुसरी गोष्ट भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनने 1974 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठातल्या भाषणात सांगितली होती: मिलिकनने हवेची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) थोडी चुकीची धरली होती त्यामुळे त्याचं उत्तर जरा कमी आलं, आणि नंतर ज्यांनी ज्यांनी मोजलं त्यांचं उत्तर एकदम बरोबर न येता हळूहळू, थोडंथोडं वर सरकत गेलं. का? तर मिलिकनपेक्षा फार वेगळं आलं की लोक स्वतःची चूक शोधत बसायचे आणि जवळपास आलं की शोधणं थांबवायचे. हे नोबेलवाल्याच्या सावलीत काम करणाऱ्या मोठ्या माणसांचं झालं, मग गाइडला काय उत्तर हवंय हे आधीच माहीत असलेल्या शाळकरी मुलाचं काय होत असेल!

म्हणून उलटं आलेलं उत्तर, किंवा "काहीच फरक पडला नाही" हे उत्तर, याला स्पर्धेत इज्जत मिळायला हवी. रोझाचं उत्तर तेच होतं ना, काहीच जाणवत नाही. आत्ता मूल घाबरतं, परिणाम दिसला नाही तर बक्षीस गेलं, मग दोन वाचनं हळूच गाळली जातात, ग्राफचा अक्ष शून्याऐवजी 40 पासून सुरू होतो आणि इवलासा फरक डोंगराएवढा दिसतो. या सवयी सोळाव्या वर्षी लागल्या की पुढे सुटत नाहीत.

एक गोष्ट घाईघाईत राहते ती परवानग्यांची. माणसांवर काहीही करायचं असेल, अगदी वर्गमित्रांकडून प्रश्नावली भरून घ्यायची असली तरी, आयसेफच्या नियमांनुसार ती सुरू करायच्या आधी समितीची मंजुरी लागते, नंतर नाही. घरी बॅक्टेरिया वाढवायला बंदी आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवरचे नियम तर फारच कडक. कितीतरी चांगले प्रोजेक्ट सही उशिरा झाली म्हणून बाद होतात, आणि तेव्हा मुलाचं तोंड बघवत नाही. शिक्षकांनो, हे काम तुमचं आहे, मुलाचं नाही.

यावर आक्षेप असतो तो माहितीये मला. मग काय, मुलांनी मोठ्या लॅबमध्ये जाऊच नये? सायन्स टॅलेंट सर्च ही अमेरिकेतली हायस्कूलच्या मुलांची स्पर्धा 1942 पासून चालू आहे, त्यातून शेल्डन ग्लॅशो, लिऑन कूपर, रोआल्ड हॉफमन, फ्रँक विल्झेक अशी पुढे नोबेल मिळालेली माणसं गेली, मग मोठी स्वप्नं बघणाऱ्या पोरांचे पाय का ओढायचे? पाय ओढायचे नाहीत. लॅब मिळाली तर जरूर जावं, तिथे जे शिकायला मिळतं ते घरी नाही मिळत, खऱ्या शास्त्रज्ञाला प्रयोग फसल्यावर शिव्या घालताना बघणं हेही शिक्षणच आहे. पण लॅबमधला प्रश्न बहुतेक वेळा लॅबचा असतो, मशीन टेक्निशियन चालवतो, आणि मुलाच्या वाट्याला त्यातला एक तुकडा येतो. तो तुकडा किती हे आयसेफमध्ये गाइडने वेगळ्या फॉर्मवर लिहून द्यायचं असतं, फार चांगली पद्धत आहे, सगळ्या स्पर्धांनी उचलावी. मग मार्क त्या तुकड्याला द्या, अख्ख्या लॅबच्या कामाला नको. तुकडा छोटा असेल तर असू दे की. आणि ज्या मुलांच्या ओळखीत एकही प्रोफेसर नाही त्यांचं काय? मोठ्या विषयांचीच चलती राहिली तर स्पर्धा मुलांची राहतच नाही, कुणाच्या आईवडिलांचे किती फोन नंबर आहेत याची होते. वर आता पैसे घेऊन रिसर्च "करवून" देणाऱ्या सेवाही निघाल्यात, त्यात विषय, गाइड, पेपर सगळं पॅकेजमध्ये येतं. त्यांच्यावर बंदी घालून काही होणार नाही, ते दुसऱ्या नावाने येतील. त्यांचा धंदा तेव्हाच बसेल जेव्हा विकत घेतलेल्या विषयाला जादा मार्क मिळायचे बंद होतील.

वेगळ्या कॅटेगरी करा, लॅबवाले एकीकडे आणि घरचे एकीकडे, असंही काही जण सुचवतात. मला पटत नाही. तसं केलं की घरचे प्रोजेक्ट म्हणजे दुसरा दर्जा असा शिक्का बसणार, आणि कुठला प्रोजेक्ट कुठे बसतो यावरच भांडणं चालू राहणार. त्यापेक्षा रिसर्च प्लॅन प्रयोग सुरू व्हायच्या आधी तारखेसकट जमा करून घ्या आणि स्पर्धेच्या दिवशी जजच्या हातात द्या, म्हणजे काय शोधणार होतो आणि काय सापडलं हे शेजारी शेजारी दिसेल. बदललं असेल तर काही बिघडत नाही, का बदललं ते विचारा, ते उत्तर सगळ्यात जास्त सांगून जातं. सादरीकरणाचे मार्क थोडे कापून वहीला द्या. पोस्टरची छपाई, फॉन्ट, ग्लॉसी कागद याला शून्य.

जज मंडळी म्हणतात एवढा वेळ कुठे असतो, एकेका जजला कितीतरी प्रोजेक्ट बघायचे असतात, वह्या कधी वाचणार. अख्खी वही वाचायला कुणी सांगितलंय. पोस्टरवरचा कुठलाही एक आकडा निवडा, आणि मुलाला म्हणा की हा आकडा वहीत कुठे आहे ते पान काढून दाखव. ज्याने स्वतः मोजलंय तो अर्ध्या मिनिटात पान काढतो आणि वर सांगतो की त्या दिवशी वीज गेली होती म्हणून पुढची दोन वाचनं नाहीयेत. बाकीच्यांचं काय होतं ते तिथेच कळेल.